चाकोरीची नोंद

माननीय जिल्हाधिकारी, दुर्ग जिल्हा, यांस


भिलाईच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर फोर-बाय-फोर गाडी दिसणे ही आता नवलाई राहिलेली नाही. नाशिकच्या कारखान्यात बनणारी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी नव्या रूपात बाजारात आली, जून २०२३ मध्ये जिम्नी आली, गुरखा आधीपासून होतीच, आणि उत्पादन बंद झालेली जिप्सी लोक अजून शोधून शोधून घेतात. या गाड्यांची चारही चाके ओढतात, तळ जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंच असतो आणि चढ-चिखलासाठी वेगळा संथ गिअर असतो. हे सगळे डांबरी रस्त्यासाठी केलेले नाही. त्यामुळे गाडी दारात आली की घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, ही न्यायची कुठे? आज त्याचे उत्तर कुणाच्या तरी मोबाईलवरच्या रीळमध्ये मिळते किंवा एका चालकाने दुसऱ्याला सांगितलेल्या खुणेत. माझे म्हणणे असे की खरे उत्तर आपल्या कार्यालयात, पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, नकाशात आणि गावाच्या दफ्तरात पडून आहे. ते तिथून काढून, गावाला विचारून, सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

पत्र मराठीत लिहिण्याचे कारण सरळ आहे. आपण एकटेच याचे वाचक नाही. इथल्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या भिलाईत राहिलेली मराठी कुटुंबे आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी नागपूर, गोंदिया, भंडारा इकडून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून येणारे मराठी चालक आहेत. त्यांनीही हे वाचावे आणि स्वतःला त्यात धरावे. शिवाय ज्या वस्तूबद्दल बोलायचे आहे तिला मराठीत चांगली नावे आहेत. महाराष्ट्रात जिला पाणंद, शिवरस्ता किंवा गाडीवाट म्हणतात, तिला इथल्या छत्तीसगडी बोलीत ‘धरसा’ किंवा ‘गाडा रावन’ म्हणतात. धरसा म्हणजे गावातून खारात, म्हणजे शेतांच्या पट्ट्यात, ढोरे आणि बैलगाड्या जाण्याची सामायिक वाट. बैलगाडीच्या चाकांनी तिच्यावर पडलेल्या दोन समांतर खाचांना मराठीत चाकोरी म्हणतात. आपण ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा गुण मानतो. या जमिनीवर मात्र चाकोरीतून चालणारा चालकच शहाणा, हे पुढच्या विवेचनातून दिसेल.

दुर्ग जिल्हा सपाट आहे. शिवनाथ आणि खारून यांच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा मैदानी पट्टा. डोंगर पाहायचा तर भिलाईहून दक्षिणेला दल्ली-राजहऱ्याकडे सुमारे ९० किलोमीटर किंवा पश्चिमेला डोंगरगडकडे जावे लागते. राज्याचा ४४ टक्क्यांच्या आसपास भाग वनक्षेत्र म्हणून नोंदलेला असला तरी दुर्ग जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले नावापुरतेच आले आहे. म्हणून इथले चालक म्हणतात की भिलाईजवळ काही नाही. पण फोर-बाय-फोरची वाट चढावरच असते असे थोडेच आहे? तिची खरी परीक्षा मातीत होते, आणि मातीच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. इथला शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो. भाटा म्हणजे उंचवट्यावरची लालसर, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. मटासी म्हणजे पिवळसर, हलकी, भाताची. कन्हार म्हणजे काळी, जड, पाणी धरून बसणारी. मटासी आणि कन्हार यांच्यामधली ती डोरसा. चालकाला जी माहिती हवी असते तिचा मोठा भाग या चार शब्दांत आहे. भाट्यावरची वाट पाऊस थांबल्यावर लवकर वापरण्याजोगी होते आणि चाकाखाली तुटत नाही. कन्हारातली वाट मे महिन्यात सिमेंटसारखी असते आणि जुलैत तिच्यावर पायी चालणाऱ्याची चप्पलही रुतते. कुठलाही उपग्रह नकाशा पाहणाऱ्याला हा फरक सांगत नाही. पटवाऱ्याचा जमिनीचा वर्ग सांगतो.

एकच खाच जवळून पाहू. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवसांच्या पावसानंतर, पावणेदोन टनांच्या आसपास वजनाची एखादी गाडी कन्हारातल्या धरश्यावरून जाते. बैलगाडीचे चाक ओढले जाते, त्यामुळे ते माती दाबत पुढे सरकते. मोटारीचे चाक स्वतः जमिनीला ढकलते, आणि पकड सुटली की जागच्या जागी फिरून माती खणते. चालक घाबरून अॅक्सिलरेटर दाबतो, चाक आणखी खोल जाते, कडेने काळ्या चिखलाचा वरंबा उभा राहतो. गाडी दोराने ओढून बाहेर काढली जाते, चालक हात धुऊन परततो. खाच तिथेच राहते. तिच्यात पाणी साचते, पुढच्या ट्रॅक्टरला ती टाळायची असते म्हणून तो बांधाच्या कडेवर चाक घालतो, बांध खचतो आणि खाचरातले पाणी वाटेवर येते. भाताच्या खाचराला त्या आठवड्यांत बांधच जिवंत ठेवतो. ऑक्टोबरात माती सुकते तेव्हा तीच खाच विटेसारखी टणक होऊन बसते. कापणीच्या दिवसांत डोक्यावर भारा घेऊन निघालेल्या बाईचा पाय तिथे मुरगळतो, सायकल तिथे आडवी होते, भाताची ट्रॉली तिथे कलंडते. अर्ध्या तासाच्या मौजेची किंमत गावाने पाच महिने हप्त्याहप्त्याने भरायची, असा हा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट शहरातल्या डोळ्यांना दिसतच नाही. भात कापला की शेत मोकळे झाले असे वाटते. पण या भागात कापणीच्या आधीच उभ्या भातात, ओल असतानाच, तिवरा फेकून देण्याची पद्धत आहे. तिला उतेरा म्हणतात. आपल्या पूर्व विदर्भात भातात लाखोळी टाकतात तीच ही. भाताचे बुडखे वाळलेले दिसतात आणि त्यांच्यामधून बोटभर उंचीची बारीक, नाजूक हिरवी पाने वर आलेली असतात. डिसेंबरच्या उन्हात, गाडीच्या उंच आसनावरून ते गवत वाटते. कडेने गाडी फिरवून घ्यायला ‘रिकामे शेत’ मिळाले म्हणून चालक खूश होतो आणि कुणाची तरी वर्षाची डाळ चाकाखाली जाते. यात दुष्टपणा नसतो, अज्ञान असते. ते अज्ञान दूर करण्याचे साधन आपल्याकडे आहे आणि ते अजून वापरलेले नाही, म्हणून मी दोष एकट्या चालकाला देत नाही.

ते साधन म्हणजे महसुली नोंद. छत्तीसगड भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३४ प्रमाणे गावोगाव निस्तार पत्रक असते. गावच्या पडीक जमिनीवर कुणाला काय करता येते याचा तो आराखडा. कलम २४२ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज असतो. त्यात पाण्याच्या, वाटेच्या आणि इतर वहिवाटींच्या गावरूढी लिहिलेल्या असतात. कलम १३१ प्रमाणे शेताकडे जाण्याच्या वाटेचा तंटा तहसीलदार रूढी पाहून सोडवतो, आणि कलम २३७ आपल्याला रस्ते-गल्ल्यांसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार देते. भुइयां आणि भू-नक्शा या सरकारी सेवांमुळे खसरा, म्हणजे शेताची नोंद, आणि नकाशा घरबसल्या दिसतो. म्हणजे वाट कुठून जाते, तिची कडेची शेते कोणती, ती सरकारी जमिनीवर आहे की कुणाच्या खाजगी जमिनीतून केवळ वहिवाटीने जाते, हे सगळे लिहिलेले आहे, पण तुकड्या-तुकड्यांत आणि वेगवेगळ्या कागदांत. दुसऱ्या बाजूला मोटार वाहन कायदा, १९८८ ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे काय हे सांगतो: जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट, ती पुढे कुठे निघो वा न निघो. या दोन कायद्यांना कुणी एका पानावर आणलेले नाही. ते पान तयार करणे म्हणजेच चांगली वाट शोधणे.

माझी मागणी त्या पानाची आहे. प्रत्येक पटवाऱ्याने आपल्या हलक्यातील, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या गावांतील, सरकारी जमिनीवरचे, अजून वापरात असलेले धरसे काढावेत. ग्रामसभेने त्यांतले कोणते बाहेरच्या गाडीला चालतील ते ठरवावे. आणि जिल्ह्याने ती यादी मातीच्या जातीसकट, रुंदीसकट, बंद महिन्यांसकट प्रसिद्ध करावी. बंद महिने ठरवायला नवे शास्त्र लागत नाही. छत्तीसगडात रोका-छेका आहेच. खरिपाच्या पेरणीला ढोरे मोकळी सोडायची नाहीत, राखणीत ठेवायची, असे गाव ठरवते. २०२० मध्ये राज्य सरकारने याच नावाने मोहीमही घेतली होती. जी वाट ढोरांना बंद ती गाडीलाही बंद, हा नियम गावात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, मुनादी (दवंडी) दिली की झाले. फक्त एक भर घालावी लागेल. नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत धानखरेदी चालते आणि याच वाटांवरून भाताच्या ट्रॉल्या सोसायटीकडे जातात. म्हणून कन्हार आणि डोरसा भागातल्या वाटा फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंतच खुल्या असाव्यात. चालकांना हे आवडणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण त्यांना डिसेंबरची थंडी हवी असते. पण डिसेंबर हा गावाचा सर्वांत धावपळीचा महिना आहे आणि वाट गावाची आहे. थंडीसाठी भाट्यावरच्या वाटा आहेत. फेब्रुवारी-मार्चची सकाळही वाईट नसते; एप्रिलमध्ये पहाटे निघून नऊपर्यंत परतावे.

यादीत काय नसावे हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. अभयारण्यात शिरण्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २७ आणि परवान्यासाठी कलम २८ आहे. राखीव जंगलासाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ आहे. भोरमदेव अभयारण्य असो की बारनवापारा, तिथे वनखात्याने ठरवलेल्या रस्त्यापलीकडे चाक जाता कामा नये. बालोदच्या जंगलपट्ट्यात गेल्या काही वर्षांत हत्तींचे कळप येऊ लागले आहेत; तिथे संध्याकाळी आडवाटेने गाडी घालणे म्हणजे स्वतःच्या आणि हत्तीच्याही जिवाशी खेळणे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतले लाल रस्ते छायाचित्रात फार मोहक दिसतात, पण ती चालू खाण आहे. नंदिनीच्या जुन्या चुनखडीच्या खाणपट्ट्यात झाडे लावून जंगल उभे केले आहे; खाणीची जमीन म्हणून तिला ‘पडीक’ समजणे ही चूक आहे, आणि पाण्याने भरलेल्या जुन्या खड्ड्याची खोली काठावरून कळत नाही. तांदुल्याच्या कालव्याच्या बांधावरचा रस्ता जलसंपदा खात्याच्या देखरेखीसाठी आहे. बांध खचला तर खालच्या गावांचे पाणी जाते. शिवनाथवरचे रपटे, म्हणजे ठेंगणे पूल, आणि महमऱ्याचा एनिकट, म्हणजे बंधारा, पावसाळ्यात दरवर्षी पाण्याखाली जातात. कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते, पण तो आकडा उभ्या पाण्याचा समजावा. वाहत्या पाण्यात गाडी आधी हलकी होते आणि मग कडेला सरकते, आणि रपट्याच्या कडेला कठडा नसतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आपल्याच कार्यालयातून येईल: पंधरा-वीस लाखांची गाडी घेणाऱ्यांच्या हौसेसाठी पटवाऱ्याने वेळ का द्यावा? आक्षेप रास्त आहे, आणि मागणी केवळ चालकांसाठी असती तर मीही तो मान्य केला असता. पण धरश्याची नोंद आधी शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे. दोन्ही कडांनी बांध सरकत सरकत धरसा अरुंद होतो, एक दिवस बैलगाडी जाईनाशी होते, आणि आतल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर शेत कसावे लागते. महाराष्ट्रात हे दुखणे इतके पसरले आहे की मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ यांखाली रस्त्यांचे दावे तहसीलदारांपुढे सतत चालू असतात, आणि २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी नावाची योजना काढावी लागली. छत्तीसगड सरकारनेही काही वर्षांपूर्वी धरसा विकासाची योजना जाहीर केली होती. मी मागतो ती धरश्यांची मोजणी त्याच कामाची आहे. तिच्यात ‘बाहेरच्या गाडीला खुली आहे काय’ असा एक रकाना वाढवायचा आहे. चालकाकडून ग्रामपंचायतीने शुल्क घ्यावे आणि ते त्याच वाटेच्या मुरमावर खर्च व्हावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून गावागावांना जोडणाऱ्या वाटा पक्क्या होत गेल्या. कच्च्या राहिल्या त्या मुख्यतः शेतात जाणाऱ्या, म्हणजे ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष नाही अशा. त्यांच्यासाठी पैसे देणारा कुणी मिळत असेल तर तो नाकारू नये.

यातली ग्रामसभेची अट मी औपचारिकता म्हणून घातलेली नाही. या जिल्ह्याची एक आठवण आहे. १९९८ मध्ये बोराई औद्योगिक क्षेत्राला पाणी देण्याच्या नावाखाली शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा करार करून एका खाजगी कंपनीच्या हाती गेला. काठच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या नदीत मासेमारी आणि अंघोळ करताना अडवणूक सोसावी लागली आणि त्यावर देशभर चर्चा झाली. त्याच्याही आधी, १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर, भिलाईचा कारखाना आणि त्याचे सेक्टर कित्येक गावांच्या जमिनीवर उभे राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी सुरू झाली तेव्हा त्या गावांच्या वाटा सरळ रेषेतल्या रस्त्यांखाली गेल्या होत्या. कारखान्याने देशाला रूळ दिले आणि आम्हा हजारो कुटुंबांना भाकरी दिली, हे मी विसरत नाही. पण ज्या गावांनी सामायिक नदी आणि सामायिक वाट हातातून जाताना पाहिली आहे, त्यांना शहरातल्या गाडीने येऊन ‘आम्ही ही वाट शोधून काढली’ म्हणावे, हे बोचणारच. ती वाट शोधलेली नसते. तिच्यावरून रोज कुणी तरी जात असते. गावाने नकार दिला तर तो नकार यादीत तसाच छापावा आणि चालकांनी तो पाळावा.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. वाटा प्रसिद्ध केल्या की गर्दी येईल. माहीत नसणे हेच त्या वाटांचे संरक्षण आहे. दहा वर्षांपूर्वी मी कदाचित हे मान्य केले असते. आज माहिती गुप्त राहत नाही, ती फक्त अर्धवट पसरते. रीळमध्ये वाट दिसते. तिची माती, तिचा महिना, तिच्या कडेचा तिवरा दिसत नाही. २०२३ च्या नाताळात लाहौलमध्ये एका चालकाने चंद्रा नदीच्या पात्रात थार घातली, चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी दंड केला. दंड योग्यच होता, पण तो नंतर होतो. आधी काय करता येते याचे उदाहरण आपल्याकडेच आहे: कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात नोंदणी, रोजच्या पर्यटकांची मर्यादा आणि स्थानिक गावांच्या समित्यांची देखरेख आली. कासची व्यवस्था निर्दोष नाही आणि तिच्यावर स्थानिकांची टीकाही आहे, पण तिच्याआधी वाहने कुठे थांबायची आणि माणसे कुठे चालायची याला काहीच धरबंध नव्हता. अमेरिकेच्या वनखात्याने २००५ मध्ये नियम केला की प्रत्येक राष्ट्रीय वनाने मोटारींना खुल्या वाटा ठरवायच्या, त्यांचा नकाशा फुकट वाटायचा, आणि नकाशात नसलेली वाट बंद समजायची. या शेवटच्या अटीत सगळा फरक आहे. आज आपल्याकडे जे मना केलेले नाही ते चालते असे मानले जाते. यादी झाली की यादीत नसलेले चालत नाही, असे म्हणता येईल, आणि शेतात गाडी अडवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात कागद असेल.

तिसरा आक्षेप माझ्या चालक बांधवांचा आहे. नोंद, शुल्क, बंद महिने, ग्रामसभा, एवढे सगळे आले तर भटकण्यात मोकळेपणा काय राहिला? ट्रॅक्टर तर आमच्यापेक्षा जास्त चिखल करतो, त्याला कुणी विचारत नाही. ट्रॅक्टरबद्दल एवढेच म्हणेन की तो ज्याचा आहे त्यालाच उद्या त्याच वाटेने जायचे असते, म्हणून खाच बुजवायला मुरमाची ट्रॉलीही तोच आणतो. मोकळेपणाबद्दल मात्र इंग्लंडचा अनुभव पाहावा. तिथे शेकडो वर्षे जुन्या गाडीवाटांवर मोटारी जात होत्या, बहुतेकांची नोंद धड नव्हती आणि चालकांना त्याची घाई वाटली नाही. तक्रारी वाढल्या, आणि २००६ च्या कायद्याने काही अपवाद सोडून ज्या वाटा मोटारींसाठी नोंदलेल्या नव्हत्या त्यांवरचा मोटारीचा हक्कच संपवला. ज्यांची नोंद होती त्या वाचल्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर हिवाळी पावसाचे महिने सरकारी जंगलातल्या कितीतरी वाटा दरवर्षी बंद ठेवतात, आणि तिथले चालक आपला हंगाम त्याप्रमाणे आखतात. आपल्याकडे अजून कुणी बंदी घातलेली नाही, म्हणून आत्ताच नोंद मागणे चालकांच्याही हिताचे आहे. दोन-चार बांध आणखी फुटले, एखादी गाडी रपट्यावरून वाहून गेली, की सरसकट बंदीचा आदेश काढणे कुठल्याही प्रशासनाला सर्वांत सोपे असते.

मग एखादे कुंपण घातलेले मैदानच का देऊ नये, असेही कुणी सुचवेल. महिंद्रने इगतपुरीला ऑफ-रोड शिकवण्याची जागा केली आहे. तशी भिलाईला हवी, आणि ती भाट्यावर व्हावी. चाक जागच्या जागी फिरू न देता फोर-लोमध्ये, म्हणजे त्या संथ गिअरमध्ये, हळू कसे जायचे, टायरची हवा किती आणि केव्हा उतरवायची, अडकल्यावर अॅक्सिलरेटरवरून पाय का काढायचा, दोर लावताना माणसे कुठे उभी राहू द्यायची नाहीत, हे शेतकऱ्याच्या बांधाजवळ शिकण्याच्या गोष्टी नाहीत. यादीतल्या कन्हारी वाटांवर येण्याआधी अशा जागी एक दिवसाचे शिक्षण सक्तीचे केले तरी माझी हरकत नाही. पण मैदान हे वाटेला पर्याय होत नाही. मैदानात माणूस गाडीची ताकद पाहतो. धमध्याकडच्या काळ्या रानातून, फेब्रुवारीच्या सकाळी, टोमॅटोचे मळे आणि तिवऱ्याची निळसर फुले डाव्या-उजव्या हाताला ठेवून ताशी दहा किलोमीटरने जाताना तो हा प्रदेश पाहतो, आणि समोरून बैलगाडी आली तर कुणी मागे सरायचे हेही शिकतो. सेक्टरमध्ये जन्मलेल्या आमच्या मुलांना कन्हार आणि मटासी यांतला फरक माहीत नाही. चार चाकांच्या निमित्ताने का होईना, तो कळावा असे मला मनापासून वाटते.

अपघात झाल्यास जबाबदार कोण, हा प्रश्न आपले विधी अधिकारी काढतील. आज त्याच वाटेवर अपघात झाला तर वाट कुणाची, खुली होती की बंद, कुणाची परवानगी होती, यातले काहीच सांगता येत नाही. नोंदीमुळे जबाबदारी वाढत नाही, ती ठिकाणावर येते. यादीत प्रत्येक वाटेपुढे तिथला रपटा, त्यावर पाणी आल्यावर ती आपोआप बंद होण्याचा नियम आणि मुरूम काढून पडलेले उघडे खड्डे लिहिले, तर चालकाला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही.

सगळ्या जिल्ह्याची यादी एकदम मागत नाही. धमधा तहसिलातला एक कन्हारी हलका आणि दुर्गजवळचा एक भाट्याचा हलका घ्यावा, आणि पुढच्या रोका-छेक्याच्या आधी तेवढ्यांची यादी ग्रामपंचायतींच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावी. हिंदीत लावावी, छत्तीसगडीत लावावी. मराठी भाषांतर करून द्यायला भिलाईत माणसे आहेत, त्यांत माझेही नाव धरावे. आणि पटवारी वाट मोजायला निघेल तेव्हा त्याने सोबत कोटवाराला घ्यावे, आणि ज्यांची बैलगाडी अजून त्या धरश्याने जाते अशा दोन शेतकऱ्यांनाही घ्यावे. नकाशातली रुंदी एक असते आणि चाकोरीची एक. दोन्ही लिहून घ्याव्यात.

आपला नम्र,
भिलाईतील एक मराठी रहिवासी